पहिली परदेशी सफारी : केनियाला निघण्यापूर्वी काय कमी करावे

सिन्नर येथील एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी पत्राने विचारले आहे की त्या, त्यांचे ६८ वर्षांचे यजमान, मुलगी आणि १२ वर्षांचा नातू असे चौघे येत्या ऑगस्टमध्ये केनियाला जाणार आहेत. चौघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास आहे. यजमानांना मधुमेह आहे, बाईंचे श्रावणातील सोमवार असतात, आणि हाती आलेल्या आठ दिवसांच्या आखणीत नैरोबी, अंबोसेली, नाकुरू, नैवाशा, मसाई मारा आणि शेवटी झांझिबार अशी सहा ठिकाणे आहेत. तयारी कोठून सुरू करावी, बरोबर काय न्यावे आणि नातवाला सगळे प्राणी दिसतील का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. गेली बावीस वर्षे मी नाशिकहून पूर्व आफ्रिकेत गट घेऊन जातो, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

आपण विचारले आहे की बरोबर काय न्यावे. मी आधी काय गाळावे ते सांगतो. आपल्या आखणीतील सहा ठिकाणांपैकी दोन आजच कमी करावीत. झांझिबार हा टांझानियाचा भाग आहे, म्हणजे दुसरा देश, दुसरा व्हिसा आणि बेटावर उतरणाऱ्या परदेशी पर्यटकांना सक्तीचा असलेला तेथील स्थानिक विमा, आणि एवढे सगळे केवळ दीड दिवसाच्या समुद्रकिनाऱ्यासाठी. नाकुरू सरोवराचे नाव आपण गुलाबी रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांच्या थव्यांच्या छायाचित्रांमुळे ऐकले असणार. परंतु गेल्या दशकभरात रिफ्ट खोऱ्यातील सरोवरांची पातळी बरीच वाढली, नाकुरूचे पाणी पूर्वीइतके खारे राहिले नाही आणि तेथील रोहित मोठ्या संख्येने बोगोरियासारख्या दुसऱ्या सरोवरांकडे गेले. गेंडे पाहण्यासाठी नाकुरू आजही उत्तम आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही आठ दिवसांत मी ते घेणार नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, चूक करून सांगतो आहे. अगदी सुरुवातीच्या वर्षांत मी सात दिवसांत पाच अभयारण्ये अशी भरगच्च सहल काढली होती, आणि जाहिरातीत ती फार छान दिसत होती. पाचव्या दिवशी मारामध्ये आमच्या गाडीपासून पंधरा-वीस फुटांवर सिंहीण आपल्या तीन बछड्यांना पाजत बसली होती, आणि गाडीतील सातांपैकी चार माणसे माना टाकून झोपली होती. नाशिकरोडच्या एक आजी तर नंतर म्हणाल्या, "मला उठवू नका असं मीच सांगितलं होतं." त्यानंतर मी सहलीची आखणी करताना ठिकाणे मोजणे सोडले आणि गाडीत बसण्याचे तास मोजू लागलो.

त्या हिशेबाने आपली आखणी अशी व्हावी : नैरोबीत उतरल्यावर एक रात्र, अंबोसेलीत दोन, नैवाशाला एक आणि मसाई मारामध्ये तीन. नैरोबी ते अंबोसेली चार-पाच तास, अंबोसेली ते नैवाशा सहा-सात तास, नैवाशा ते मारा सुमारे पाच तास आणि मारा ते नैरोबी पाच-सहा तास असा हा रस्ता आहे. मुख्य रस्ते बरे आहेत, पण अभयारण्यांच्या आतील वाटा कच्च्या आहेत आणि तेथील चालक त्या धक्क्यांना हसत हसत "आफ्रिकन मसाज" म्हणतात. कंबरेचा त्रास असलेल्यांनी मागच्या चाकांवरील आसन टाळावे. शेवटच्या टप्प्यात माराहून नैरोबीला लहान विमानाने यावे, असे मी ज्येष्ठांना आवर्जून सुचवतो. खर्च वाढतो, पण दिवसभराचा रस्ता तासाभरावर येतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : नैरोबीच्या विल्सन विमानतळाकडे येणाऱ्या-जाणाऱ्या या विमानांत हातातील पिशवीसह माणशी साधारण १५ किलो सामान चालते, आणि तेही मऊ कापडी बॅगेत. चाकांची कडक सुटकेस त्या विमानाच्या पोटातील कप्प्यात बसतच नाही.

आता तयारीचा क्रम. बहुतेक जण आधी तिकिटे काढतात आणि शेवटी डॉक्टरांकडे जातात. माझा आग्रह नेमका उलट आहे, आणि त्याचे कारण पीतज्वर म्हणजे यलो फीव्हर हे आहे. भारतातून थेट केनियात जाणाऱ्याकडे ही लस घेतल्याचा दाखला केनिया मागत नाही, पण केनियातून परत येणाऱ्याकडे तो भारत सरकार मागते, कारण हा रोग आपल्याकडे नाही आणि तो पसरवू शकणारे एडिस डास मात्र आपल्याकडे भरपूर आहेत. दाखला नसेल, किंवा लस घेऊन दहा दिवस पूर्ण झालेले नसतील, तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून हा दाखला ग्राह्य होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो, म्हणजे नातवाला पुन्हा कधी ही लस घ्यावी लागणार नाही.

आपल्या बाबतीत प्रश्न आहे तो वयाचा. ही जिवंत विषाणूंची लस आहे आणि साठीनंतर ती प्रथमच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांची शक्यता, दुर्मीळ असली तरी, तरुणांपेक्षा अधिक असते. केवळ मधुमेह असल्याने लस नाकारली जात नाही. मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणे, थायमस ग्रंथीचा आजार असणे किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असणे ही महत्त्वाची कारणे ठरतात. म्हणून एक रुपयाही भरण्यापूर्वी आपण दोघांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सर्व औषधांची यादी दाखवून हा एकच प्रश्न विचारावा. त्यांनी नकार दिला तर निराश होण्याचे कारण नाही. दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या पट्ट्यात येत नाही, तेथील पिलानेसबर्ग अभयारण्यात मलेरियाही नाही, आणि ऑगस्ट हा तिकडचा कोरडा हंगाम असल्याने प्राणी पाणवठ्यांवर सहज दिसतात. सहल बदलेल, सफारी बुडणार नाही.

डॉक्टरांनी होकार दिला, तर लस केंद्र सरकारने अधिकृत केलेल्या केंद्रावरच घ्यावी. अन्यत्र टोचलेली लस दाखल्यासाठी उपयोगाची नाही. माझे गट यासाठी मुंबईला जातात. या केंद्रांवर ठरावीक वारीच लस मिळते आणि वेळ आधी घ्यावी लागते, त्यामुळे प्रवासाच्या दीड-दोन महिने आधीच हे उरकून घ्यावे. दाखल्यावर पासपोर्टचा क्रमांक लिहिला जातो, म्हणून पासपोर्ट त्याच्याही आधी हवा. नाशिकला पासपोर्ट सेवा केंद्र असल्याने त्यासाठी फार धावपळ करावी लागत नाही. धावपळ होते ती नावांमुळे. आधार कार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकात तिसरे असा आपल्याकडील नावांचा घोळ, विशेषतः स्त्रियांच्या माहेरच्या आणि सासरच्या नावांचा, मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता मी लोकांना आधी सर्व कागद एका टेबलावर मांडून अक्षर न अक्षर ताडून पाहायला सांगतो. पासपोर्टवर जे स्पेलिंग येईल तेच विमानाच्या तिकिटावर, पीतज्वराच्या दाखल्यावर आणि विम्यावर असले पाहिजे.

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी म्हणजे ईटीए सुरू केली आहे. ती लहान मुलांसह प्रत्येकाला स्वतंत्रपणे घ्यावी लागते आणि त्यासाठी पासपोर्ट, छायाचित्र, निवासाचे आरक्षण व विमानाच्या तिकिटांची माहिती लागते. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. अर्ज केनिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावा. तशाच रूपाची, जादा पैसे घेणारी खासगी संकेतस्थळे शोधयंत्रात अनेकदा वर दिसतात. नातू आईबरोबर जात आहे, वडील जात नाहीत. तेव्हा वडिलांचे नोटरी केलेले संमतिपत्र आणि मुलाच्या जन्मदाखल्याची इंग्रजी प्रत जवळ ठेवावी. बहुतेक वेळा कोणी विचारत नाही, पण विचारले आणि कागद नसला तर विमानतळावर बसून राहावे लागते.

विमा घेताना मधुमेह लपवू नये. हप्ता थोडा वाढतो एवढेच, आणि न सांगितलेल्या आजारावरून नाकारलेला दावा परदेशात कोणालाही परवडत नाही. पॉलिसीत आजाऱ्याला विमानाने हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे का, हे स्पष्ट विचारावे, कारण मारातून चांगले रुग्णालय गाठायचे म्हणजे नैरोबीच गाठायचे. ॲमरेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही तेथील जुनी हवाई रुग्णसेवा विल्सन विमानतळावरून चालते आणि पर्यटकांसाठी तिचे अल्पमुदतीचे सदस्यत्वही मिळते.

यजमानांच्या औषधांविषयी थोडे सविस्तर लिहितो. सर्व औषधे मूळ पाकिटांत, दुप्पट संख्येने आणि दोन वेगवेगळ्या हातातील पिशव्यांत विभागून न्यावीत. चिठ्ठीवर व्यापारी नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडील व्यापारी नावे तेथील औषधविक्रेत्याला ठाऊक नसतात. इन्सुलिन असेल तर ते विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात कधीही ठेवू नये, ते गोठून निकामी होऊ शकते. तंबूंच्या निवासांत खोलीत फ्रिज नसतो आणि वीज अनेक ठिकाणी ठरावीक तासच असते, तरी स्वयंपाकघरातील फ्रिजमध्ये औषध ठेवण्याची सोय आधी कळवल्यास नक्की होते. घड्याळ तेथे आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, हा फरक गोळ्यांच्या वेळांना फारसा जाचत नाही. जाचते ते सफारीचे वेळापत्रक. पहाटे सहाला केवळ चहा-बिस्किटांवर निघायचे आणि न्याहारी साडेनऊ-दहाला, असा तेथील रिवाज आहे. मधुमेह असलेल्या माणसाने तोवर उपाशी राहणे धोक्याचे आहे. आपल्या गाडीत चार वस्तू सदैव असाव्यात : साखरेच्या पुड्या, खजूर, शेंगदाण्याचे लाडू आणि पाणी.

खाण्यावरून प्लास्टिकचा विषय निघतो. आपण नाशिककर चिवडा, चकल्या आणि दशम्या बांधून घेतल्याशिवाय कसारा घाट उतरत नाही, आणि तेही प्लास्टिकच्या पिशव्यांत. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे आणि ती जगातील कडक बंदींपैकी एक मानली जाते. ५ जून २०२० पासून राष्ट्रीय उद्याने व संरक्षित वनांत एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. तेव्हा चिवडा स्टीलच्या किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात, कपडे सुती पिशव्यांत आणि पाण्यासाठी प्रत्येकाची धातूची बाटली, अशी व्यवस्था करावी. ताजी फळे, भाज्या आणि बी-बियाणे नेऊ नयेत. श्रावणी सोमवारसाठी राजगिऱ्याचे लाडू न्यावेत; केळी, पपई, दूध आणि उकडलेले रताळे तेथे सहज मिळते, साबुदाणा मात्र मिळेल असे धरून चालू नये. एरवीच्या शाकाहाराची काळजी करू नये. नैरोबीत गुजराती समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो, चपाती हा केनियन माणसाचाही नेहमीचा पदार्थ आहे, आणि चांगल्या लॉजमध्ये वरण, भाजी, भात आधी सांगितल्यास मिळतो. आपले कांदा-लसूण चालते की नाही, एवढे मात्र आधी कळवावे.

थंडीबद्दल कोणीही विश्वास ठेवत नाही. आफ्रिका म्हणजे उकाडा हे आपल्या मनात पक्के बसलेले असते, आणि मारा मात्र समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटरांहून उंच आहे, म्हणजे आपल्या त्र्यंबकेश्वरपेक्षाही बरेच वर. ऑगस्टमधील पहाट दहा-बारा अंशांची असते आणि छत उघडलेल्या गाडीत वाऱ्यामुळे ती आणखी बोचते. निफाडची डिसेंबरमधील पहाट आठवावी आणि त्या हिशेबाने स्वेटर, कानटोपी व वाऱ्याला अडवणारे जाकीट घ्यावे; दुपारी पंचवीस अंशांच्या आसपास एकेक थर उतरवता आला पाहिजे. रंग खाकी, मातकट किंवा फिकट हिरवा असावा. गडद निळा आणि काळा टाळावा, कारण त्से-त्से माश्या या रंगांकडे आकर्षित होतात आणि त्यांचा चावा कापडातूनही लागतो. लष्करी छापाचे कपडेही घेऊ नयेत, आफ्रिकेतील अनेक देशांत नागरिकांना ते घालण्याची परवानगी नाही. गाडीची पायरी उंच असते, त्यामुळे साडीपेक्षा सलवार किंवा पँट सोयीची. अंबोसेलीची धूळ फार बारीक असते. नाकातोंडाला बांधायला सुती उपरणे किंवा ओढणी हवीच. या सगळ्यासह माणशी सामान बारा किलोंच्या आत बसते, मी दर वर्षी बसवून दाखवतो. तीन जोड पुरतात, कारण बहुतेक लॉजमध्ये कपडे धुऊन मिळतात.

नातवासाठी एकच महागडी वस्तू घ्यावी, ती म्हणजे दुर्बीण. ८×४२ मापाची दुर्बीण पुरेशी आहे आणि चौघांत एक चालत नाही, निदान दोन असाव्यात. ती घेऊन थंडी संपण्यापूर्वी एका पहाटे नांदूर मधमेश्वरला जावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील हे पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले, आणि सिन्नरहून ते जवळच आहे. मला तेथे पक्ष्यांच्या यादीत रस नाही. उडणारा पक्षी दुर्बिणीत पकडणे, शांत बसणे, आणि दोन तास काहीच न घडण्याची सवय होणे, ही खरी तालीम आहे. ज्या मुलांनी ती केली, ती मारामध्ये कंटाळत नाहीत, असा माझा अनुभव आहे. छायाचित्रांसाठी घरीच जाड कापडाची एक वीतभर पिशवी शिवावी, ती रिकामी न्यावी आणि तेथे तांदूळ किंवा राजमा भरून गाडीच्या कडेवर ठेवावी. तिच्यावर टेकवलेला कॅमेरा हलत नाही आणि गाडीत तिपाईला जागाही नसते. पॉवर बँक हातातील पिशवीतच ठेवावी. तेथील विजेचे सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे आहे, त्याचा अडॅप्टर येथूनच घ्यावा. ड्रोन परवान्याशिवाय नेऊ नये.

सगळे प्राणी दिसतील का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे की सिंह, हत्ती, रानम्हशी, जिराफ, झेब्रा, तरस आणि पाणघोडे आपल्या आखणीत जवळजवळ नक्की दिसतील. चित्ता बहुधा दिसेल. बिबट्या आणि गेंडा नशिबावर. गंमत अशी की आपल्याकडे बिबट्या पाहायला उसाच्या शेताकडे जावे लागत नाही, तोच निफाड-सिन्नरच्या वस्त्यांत येतो, आणि मारात मात्र लोक त्याच्यासाठी झाडन् झाड धुंडाळतात. "बिग फाइव्ह" हा शब्द शिकाऱ्यांचा आहे, पायी शिकार करताना सर्वांत धोकादायक असे पाच प्राणी त्यांनी निवडले होते. मुलाच्या हाती ती यादी देऊन खुणा करायला लावू नये. त्यापेक्षा त्याला त्यांची स्वाहिली नावे पाठ करायला सांगावीत : सिंह म्हणजे सिंबा, हत्ती म्हणजे टेंबो, जिराफ म्हणजे ट्विगा, बिबट्या म्हणजे चुई. सफारी हा शब्दही स्वाहिलीतील असून त्याचा अर्थ प्रवास असाच आहे, तो मूळचा अरबी, आपल्या "सफर"चा सख्खा भाऊ. चालकाशी मुलगा दोन शब्द स्वाहिली बोलला की तो चालक त्याच्यासाठी गाडी दहा मिनिटे अधिक थांबवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

ऑगस्टमध्ये मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्ट, म्हणजे कळपाने फिरणारे मोठे कुरंग, पाहण्याची आपली इच्छा पत्रात दिसते. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट आणि त्यांच्याबरोबर झेब्रे सेरेंगेटी व मारा यांच्यात वर्षभर पाऊस आणि गवत यांच्या मागे फिरतात, आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात त्यांचे कळप मारामध्ये असतात. परंतु नदी ओलांडणे हे वेळापत्रकाने होत नाही. कळप काठावर तीन तास उभा राहतो आणि मागे वळतो, असेही होते. म्हणूनच मी तीन रात्री सांगितल्या. एका रात्रीच्या मुक्कामात हे पाहायला मिळाले तर तो योगायोग समजावा. या हंगामात गर्दीही सर्वाधिक असते. एका प्राण्याभोवती पाचपेक्षा अधिक गाड्या नसाव्यात असा नियम आहे आणि तो सर्रास मोडला जातो, तेव्हा आपल्या चालकाला पहिल्याच दिवशी सांगावे की गर्दीतून मागे हटलात तरी आम्हाला राग येणार नाही. पर्यटकांच्या हट्टामुळेच चालक नियम मोडतात. गवतात उभा असलेला एकटा सेक्रेटरी पक्षी, किंवा दसऱ्याला आपण ज्याचे दर्शन शुभ मानतो त्या नीलपंखाचा जांभळ्या छातीचा आफ्रिकी भाऊ, हे पाहण्यासाठी तेथे कोणाची रांग नसते. अंबोसेलीत किलिमांजारोचे शिखर पहाटे पाहून घ्यावे, सूर्य वर आला की ५,८९५ मीटरांचा तो पर्वत ढगांत जातो. पर्वत टांझानियात आहे, पण त्याचे दर्शन इकडूनच अधिक मोकळे मिळते.

पैशांच्या बाबतीत तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. पहिली, प्रवेश शुल्क पॅकेजमध्ये आहे का. २०२४ च्या जुलैपासून मसाई मारामध्ये परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला २०० डॉलर शुल्क आहे, वर्षाच्या पहिल्या सहामाहीत ते १०० असते. तेव्हा फार स्वस्त पॅकेजमध्ये लॉज राखीव क्षेत्राबाहेर दूर असणार किंवा सफाऱ्या कमी असणार. दुसरी, गाडी फक्त आपल्या चौघांसाठी आहे की इतरांबरोबर, आणि प्रत्येकाला खिडकी मिळेल का. तिसरी, ती लँड क्रूझर आहे की मिनीव्हॅन. चौघांसाठी स्वतंत्र लँड क्रूझर हा खर्च मी वाचवणार नाही, त्याऐवजी पंचतारांकित लॉजची पायरी एकाने खाली आणीन. रोख डॉलर अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडूनच घ्यावेत, नोटा नव्या छपाईच्या आणि न फाटलेल्या असाव्यात, कारण जुन्या नोटा तेथे घेतल्या जात नाहीत. पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस, म्हणजे सहल विकणाऱ्याने आपल्याकडून आधीच घेतलेला कर, आयकर विवरणपत्रात जमा धरता येतो, त्याची पावती जपून ठेवावी. चालक-मार्गदर्शकाला माणशी दिवसाला साधारण दहा डॉलर बक्षिसी देण्याची पद्धत आहे, ती शेवटच्या दिवशी एकदम आणि हाती द्यावी. मसाई वस्तीला भेट द्यायची असेल तर शुल्क आधी ठरवावे, आणि कोणाचेही छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये.

नैरोबीचा दिवस हलका ठेवावा. जिराफ सेंटरमध्ये नातवाला जिराफाला हाताने खाऊ घालता येईल. शेल्ड्रिक यांच्या हत्तींच्या अनाथालयात सकाळी अकराच्या सुमारास तासभर प्रवेश मिळतो आणि त्यासाठी आरक्षण आधी करावे लागते. आपण शिक्षिका आहात, तेव्हा राष्ट्रीय संग्रहालय चुकवू नये. तुर्काना सरोवराजवळ सापडलेला, सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या आदिमानव मुलाचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा याच संग्रहालयाकडे आहे, आणि तो मुलगा वयाने आपल्या नातवाहून फार वेगळा नव्हता.

गाडीतून मार्गदर्शकाने सांगितल्याशिवाय उतरू नये, एवढा एक नियम मुलाला घरीच पक्का सांगावा. लघुशंकेची अडचण असेल तर संकोच न करता चालकाला सांगावे, तो सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवतो; संकोचाने पाणी न पिणाऱ्या बायकांना दुपारपर्यंत डोकेदुखी होते, हे मी दर सहलीत पाहतो.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करून परत आल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण घ्याव्यात. काही गोळ्या परतल्यावर सात दिवस, तर काही चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात, आणि घरी आल्यावर त्या विसरणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. मुंबईत उतरताना पीतज्वराचे दाखले पासपोर्टमध्येच ठेवावेत, सामानात नव्हे. त्यानंतरच्या काही महिन्यांत चौघांपैकी कोणालाही ताप आला, तर तो पावसाळ्याचा साधा ताप समजून घरी बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना आपण केनियाहून आल्याचे सांगून रक्ताची मलेरिया तपासणी करून घ्यावी.